मुलांच्या वाढीत परिस्थितीचा वाटा किती आणि आईवडिलांचा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलांच्या संगोपनावर सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक परिस्थितीचा परिणाम नेमका कसा होतो? पैशाची ओढाताण असलेल्या घरातली मुलं मागे पडतात हे खरं का? वडीलधाऱ्यांची शिस्तीची रीत जुनी म्हणून सोडून द्यावी का? आणि शेवटी, हे सगळं आईवडिलांच्याच हातात नसतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्याशी जोडलेली आहेत. मुलांच्या आणि पालकांच्या समुपदेशनात बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत ठाम झालं आहे. परिस्थिती आधी मोठ्या माणसाच्या दिवसात शिरते. त्याच्या वेळेत, झोपेत, आवाजाच्या पट्टीत, दिलेला शब्द पाळता येतो की नाही यात ती उतरते आणि तिथून मुलापर्यंत पोचते. त्यामुळे संगोपन आईवडिलांच्या हातात असतं हे खरंच आहे, पण ते हात किती मोकळे राहतील हे बऱ्याचदा घराबाहेर ठरतं. एखादं मूल बिनसलं की लोक आईकडे बोट दाखवतात. त्या आईचा दिवस कसा जातो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आता पैशाकडे येऊ. याबाबत दोन टोकाची मतं नेहमी ऐकू येतात. हाल सोसलेली मुलं आपोआप कणखर होतात, हे एक. आणि पैसा नसला की मुलाचं भवितव्य संपलंच, हे दुसरं. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९३०च्या दशकातल्या महामंदीत कॅलिफोर्नियात वाढलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घरचं उत्पन्न बुडालं म्हणून सगळीच मुलं सरसकट बिघडली असं दिसलं नाही. कमाई गेल्यावर ज्या घरांत वडील चिडके झाले, आज एका गोष्टीवरून ओरडले आणि उद्या त्याच गोष्टीकडे काणाडोळा केला, तिथल्या मुलांना जास्त सोसावं लागलं. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेती अडचणीत आली, तेव्हा रँड कॉन्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास केला. साखळी जवळपास तीच निघाली. देणी थकली, आईवडिलांचं मन खचलं, दोघांत खटके उडू लागले, मुलांशी बोलणं तुटक झालं आणि मग मुलांचं वागणं बदललं.

याची उलट बाजूही पाहायला मिळाली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागात १९९३पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता. त्यात तिथल्या मूळनिवासी चेरोकी समाजाची मुलंही होती. १९९६ साली त्या समाजाच्या जमिनीवर एक कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्याचा वाटा समाजातल्या प्रत्येकाला ठरावीक काळाने मिळू लागला. कुणी अर्ज केला नव्हता की कुणाची पात्रता तपासली गेली नव्हती. जेन कॉस्टेलो यांच्या गटाने २००३ साली निष्कर्ष मांडले, ते मला अजून महत्त्वाचे वाटतात. या पैशामुळे जी कुटुंबं गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांमधला आक्रस्ताळेपणा, उलट वागणं, नियम मोडणं कमी झालं. चार वर्षांत ती मुलं कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आली. चिंता आणि उदासी यांत मात्र तसा फरक पडला नाही. वागणं का सुधारलं याचा शोध घेतला, तेव्हा आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली होती, हे मुख्य कारण पुढे आलं. त्या पालकांना कुणी 'चांगले पालक कसे व्हावे' यावर व्याख्यान दिलं नव्हतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. गरीब पालकांना समज कमी असते, असं शिकलेली माणसंही खासगीत बोलतात. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी जरूर पाहावा. त्याच शेतकऱ्यांची विचार करण्याची क्षमता पीक हाती येण्याआधी, म्हणजे हात अगदी आखडलेला असताना मोजली, आणि पैसे आल्यावर पुन्हा मोजली. माणूस तोच, शिक्षण तेच, पण कापणीआधी तो चाचणीत मागे पडत होता. पैशाच्या विवंचनेने डोक्यातली जागा व्यापलेली असते. अशा अवस्थेतल्या आईकडून आपण संध्याकाळी शांतपणे गणित समजावण्याची अपेक्षा करतो.

माझ्याकडे आलेलं एक घर सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. आठ वर्षांचा मुलगा, वडिलांच्या पाळ्या बदलत्या, आई अर्धवेळ काम करणारी. मुलगा खोटं बोलतो, शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या लपवतो, अशी तक्रार होती. आईने लपवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. आम्ही त्या तारखेप्रमाणे लावल्या, तेव्हा वेगळंच काही दिसलं. बैठकीची सूचना, सुट्टीची सूचना असल्या चिठ्ठ्या त्याने एकदाही लपवल्या नव्हत्या. लपवलेल्या सगळ्या पैसे मागणाऱ्या होत्या, कधी प्रकल्पाचं साहित्य, कधी सहल, कधी पोशाख. त्यातही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आलेली चिठ्ठी तो त्याच दिवशी आईच्या हातात देत होता. दडवलेल्या होत्या त्या महिनाअखेरच्या. घरात पगार कधी होतो, तो कधी संपतो आणि संपल्यावर कुणाचा आवाज चढतो, हे सगळं त्याने स्वतःच ताडलं होतं. त्याच्याशी पैशाबद्दल कधी कुणी एक शब्दही बोललं नव्हतं.

घरी काय बदललं, तर एवढंच. चिठ्ठी आली की त्याच दिवशी दाखवायची आणि आईवडिलांनीही त्याच दिवशी 'हो', 'नाही' किंवा 'अमुक तारखेला' असं उत्तर द्यायचं, कुणावरही न चिडता. 'नाही' असेल तर शाळेशी मोठ्यांनी बोलायचं, मुलाने नाही. पगार वाढला नाही, पण लपवाछपवी थांबली. मुलाला आकड्यांचा हिशेब देण्याची गरज नसते. आज घरात काय शक्य आहे आणि काय नाही, आणि यात त्याचा काही दोष नाही, एवढं त्याला मोकळेपणी कळलं पाहिजे.

घरातला अंदाज बांधता येणं मुलांसाठी फार मोलाचं असतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलासमोर आवडीचा खाऊ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एक, थोडं थांबलास तर दोन. थांबू शकणारी मुलं पुढे आयुष्यात जास्त यशस्वी झाली असा त्याचा गाजावाजा झाला आणि 'मुलांना संयम शिकवा' हा उपदेश घरोघरी पोचला. २०१३ साली सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग करण्याआधी एक छोटी पायरी घातली. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना चित्र काढायला जुने रंगखडू दिले आणि सांगितलं, थांब, मी छान नवे आणून देते. अर्ध्या मुलांना खरंच नवे खडू मिळाले. बाकीच्यांना बाई रिकाम्या हाताने परत येऊन म्हणाल्या, माफ कर, आमच्याकडे नाहीतच. स्टिकरच्या बाबतीतही असंच केलं. मग खाऊ समोर आला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा विश्वास मोडला होता ती ३ मिनिटं. ज्याच्या घरात 'नंतर देतो' म्हटलेलं बहुतेक वेळा मिळतच नाही, त्या मुलाने समोरचं लगेच खाणं हा त्याच्यापुरता शहाणपणाच आहे. २०१८ साली ९००हून अधिक मुलांवर हा प्रयोग पुन्हा पडताळून पाहिला गेला. घरची पार्श्वभूमी, घरातलं वातावरण आणि मुलाची सुरुवातीची आकलनक्षमता हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका पडला.

याच प्रयोगात संस्कृतीही डोकावते. कॅमेरूनमधल्या न्सो समाजातली चार वर्षांची मुलं आणि जर्मनीतल्या शहरी मध्यमवर्गातली त्याच वयाची मुलं यांच्यावर तो झाला, तेव्हा न्सो मुलांपैकी जवळपास ७० टक्के पूर्ण वेळ थांबली, जर्मन मुलांपैकी २८ टक्के. न्सो घरांत मोठ्यांचा शब्द मानणं आणि भावना आवरणं फार लवकर अंगवळणी पाडतात. जर्मन घरांत मुलाची आवड, मुलाचं मत यांना पहिलं स्थान असतं. दोन्हीकडे आया मुलांवर जीव टाकतात. मूल पुढे कोणत्या जगात जगणार आहे, याबद्दलचा त्यांचा अंदाज मात्र वेगळा असतो.

मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हाइन यांनी केनियातल्या गुसी समाजात हेच पाहिलं होतं. तिथल्या आया बाळ रडलं की क्षणात उचलून शांत करायच्या, पण बाळाशी डोळ्याला डोळा भिडवून गप्पा मारणं त्यांच्यात फारसं नव्हतं. अमेरिकी आया उलट सतत बोलणाऱ्या. जिथे बाळ दगावण्याची भीती खरी असते तिथे त्याला जगवणं, कवटाळून ठेवणं हे आईचं पहिलं काम असतं. जिथे ती भीती मागे पडलेली असते आणि पुढे शाळा-नोकरीत बोलून चालवायचं असतं, तिथे बोलणं वाढतं. हायडी केलर यांच्या अभ्यासात तर हे मुलांच्या वाढीच्या वेळापत्रकातही दिसलं. न्सो मुलं, जी सतत अंगाला अंग लावून वाढली, मोठ्यांच्या सूचना लवकर पाळू लागली. ग्रीसमधली शहरी मुलं, ज्यांच्याशी समोर बसून बोललं-खेळलं गेलं, आरशात स्वतःला लवकर ओळखू लागली. म्हणून एका समाजाचा टप्प्यांचा तक्ता दुसऱ्या समाजाच्या मुलावर आंधळेपणाने लावू नये. मूल मागे आहे असं म्हणण्याआधी त्याला कशाचा सराव मिळाला आहे ते पाहा.

याचा अर्थ संस्कृतीच्या नावाखाली सगळंच चालतं असा मात्र नाही. त्यावर खाली बोलतेच.

सामाजिक बाजूचा विचार करताना लोक बहुतेक वेळा 'संगत' एवढ्यावर थांबतात. संगतीला महत्त्व आहेच. पण वस्तीतल्या मोठ्या माणसांना एकमेकांचा भरवसा आहे का, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतल्या ३४३ वस्त्यांचा अभ्यास १९९७ साली मांडला. शाळा बुडवून नाक्यावर उभ्या असलेल्या पोराला शेजारचा माणूस हटकेल का, असे प्रश्न त्यांनी रहिवाशांना विचारले होते. जिथे 'हटकेल' असं उत्तर जास्त आलं तिथे हिंसाचार कमी होता, आणि गरिबीचं प्रमाण लक्षात घेऊनही हा फरक टिकला. दुसऱ्याच्या मुलाला हटकण्याचा हक्क ही मोठी सामाजिक संपत्ती आहे, आणि आपल्या मुलाला कुणी बोललं की लगेच भांडायला धावणारे पालक ती स्वतःच्या हाताने खर्चून टाकतात.

वस्ती बदलल्याने काय होतं हेही तपासलं गेलं आहे. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतल्या पाच शहरांत गरीब वस्तीतल्या काही कुटुंबांना, सोडत काढून, बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी पुढे त्या मुलांची कमाई तपासली. वयाची १३ वर्षं पूर्ण होण्याआधी ज्यांचं घर हललं, ती मुलं विशीच्या मध्यावर सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना फायदा झाला नाही, थोडा तोटाच झाला. किशोरवयातल्या मुलाला मुळासकट उपटून दुसरीकडे नेण्याचा निर्णय म्हणूनच जपून घ्यायला मी पालकांना सांगते. मोठ्यांना ती बढती वाटते, मुलासाठी त्यात सगळे मित्र जातात.

आर्थिक वर्गाचा परिणाम बोलण्याच्या पद्धतीतही दिसतो. समाजशास्त्रज्ञ ॲनेट लारो यांनी वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतल्या १२ कुटुंबांमध्ये अगदी घरात बसून निरीक्षण केलं. मध्यमवर्गीय मुलांचा आठवडा वर्गांनी आणि शिकवण्यांनी भरलेला. त्यांना मोठ्यांशी वाद घालायला, डॉक्टरला प्रश्न विचारायला, शिक्षकाकडे सवलत मागायला घरूनच शिकवलं जात होतं. कष्टकरी घरांतल्या मुलांना मोकळा वेळ भरपूर, नात्यातल्या भावंडांशी घट्ट मैत्री, 'कंटाळा आला' ही कुरकुर कमी. माणूस म्हणून मला दुसऱ्या घरातलं बालपण कित्येक बाबतींत जास्त निरोगी वाटतं. पण शाळा, दवाखाना, कचेरी या जागा पहिल्या प्रकारच्या मुलांसाठी बांधलेल्या असतात. तिथे न बोलणारा मुलगा समंजस ठरत नाही, मठ्ठ ठरतो. अशा मुलांच्या पालकांना मी एकच सराव सुचवते. दवाखान्यात किंवा शाळेत जाण्याआधी मुलाला विचारा, 'तुला काय विचारायचंय?' आणि तो प्रश्न आत गेल्यावर त्यालाच विचारू द्या. यासाठी एक पैसाही लागत नाही.

मुलगी आहे म्हणून, एका विशिष्ट समाजातली आहे म्हणून, बोलीचा हेल वेगळा आहे म्हणून मिळणारी वागणूक मुलं फार लहान वयात टिपतात. याबद्दल घरात गप्प राहिल्याने ती वाचत नाहीत. वर्गात कुणी हिणवलं तर ते घरी येऊन सांगता येईल आणि घरचे त्यालाच 'तू काय केलंस?' असं विचारणार नाहीत, ही खात्री त्या मुलाला हवी.

मग मागे पडण्याच्या प्रश्नाचं उत्तर काय? गरिबीमुळे धोका वाढतो, हे खरं आहे. पण त्यावर उपाय होऊ शकतात, हेही तितकंच खरं आहे. १९८६-८७ साली जमैकात खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या १२९ बाळांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी काम सुरू केलं. त्यांतल्या काही बाळांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला जायची, घरातल्याच वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायची आणि बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं हे आईला दाखवायची. २० वर्षांनी ही मुलं, भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. अतिशय अवघड परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात कुणीतरी एक जण टिकून राहिलेला होता, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. उरलेल्या दोन तृतीयांशांनाही विसरू नका. एका भल्या माणसाच्या भरवशावर सगळी मुलं सोडून देणं हे समाजाला शोभणारं नाही.

नुसत्या पैशाने सगळं होतं, असंही नाही. अमेरिकेत २०१८ साली १,००० गरीब बाळंतिणींना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. काहींना दरमहा ३३३ डॉलर, काहींना २०. पहिल्या वर्षी बाळांच्या मेंदूच्या नोंदीत थोडा फरक वाटला, पण चौथ्या वर्षी दोन्ही गटांच्या विकासात तसा फरक आढळला नाही. पैशाबरोबर आईला सवड मिळते का, झोप मिळते का, जवळ कुणी आहे का, हे सगळं लागतं. म्हणून मालकांनी पाळ्यांचं वेळापत्रक चार दिवस आधी सांगणं, शाळांनी खर्चाची यादी वर्षाच्या सुरुवातीला एकदाच देणं, वडिलांनी रात्रीचं एक काम पूर्णपणे स्वतःकडे घेणं, या कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींना मी मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम मानते.

आता वडीलधारी आणि शिस्त. मारण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. 'आमच्याकडे सगळेच मारतात, त्यामुळे मुलांना काही वाटत नाही' हा युक्तिवादही तपासला गेला आहे. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या ३३६ आया आणि मुलांचा अभ्यास मांडला. जिथे मारणं सर्रास चालतं तिथे त्याचा मुलांच्या वागण्याशी संबंध थोडा सौम्य दिसला, पण तिथेही जास्त मार खाणारी मुलं जास्त आक्रमक आणि जास्त घाबरट होती. स्वीडनने १९७९ साली मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. तिथली घरं शिस्तीवाचून मोडून पडली नाहीत.

पण मार सोडला तर वडीलधाऱ्यांच्या रीतीत ठेवण्यासारखं पुष्कळ आहे. ठरलेल्या वेळी झोप, मुलाला घरात खरंखुरं काम देणं, गोष्टी सांगणं, एका मुलाकडे चार मोठ्यांचं लक्ष असणं. पाळणाघराच्या रांगेत उभ्या असलेल्या आईबापांना विचारा याची किंमत. मतभेद होतील तेव्हा आजी-आजोबांशी मुलासमोर वाद घालू नका, आणि 'तुमचं जुनं झालं' असं तर म्हणूच नका. हा नियम कशापासून वाचवण्यासाठी केला होता, असं त्यांना विचारा. बहुतेक वेळा त्यामागे खरा धोका निघतो, आणि तो धोका आजही आहे का, हे मग दोघांना मिळून ठरवता येतं.

एक नियम मात्र प्रत्येक घराने याच आठवड्यात बसून तपासावा, तो म्हणजे 'मोठ्यांना नाही म्हणायचं नाही'. जिथे सगळी मोठी माणसं ओळखीची आणि विश्वासाची होती तिथे तो चालून गेला असेल. पण ज्या मुलाला कुठल्याच मोठ्या माणसाला नकार देता येत नाही, ते मूल वाईट हेतूने जवळ येणाऱ्यालाही नकार देऊ शकत नाही आणि घरी येऊन सांगूही शकत नाही. आदर राखून 'मला हे नको आहे' कसं म्हणायचं हे आजोबांनीच नातवाला शिकवलं, त्याच्यासमोर म्हणून दाखवलं, तर तो नियम बदलायला घरात कुणालाच अपमान वाटत नाही. ज्या घरांत हे आजोबांकडून सुरू झालं, तिथे मुलं लवकर बोलती झालेली मी पाहिली आहेत.